चौकातला वाफा

अध्यक्षांनी ना नमस्कार केला, ना खुर्ची ओढली. हातातलं गोणपाट त्यांनी सरळ वहिनींच्या टेबलावर उपडं केलं. मुळांसकट उपटलेली फुलझाडं कागदांवर पसरली. झेंडू, पिटुनिया, चार-दोन डेलिया.

"हे बघा," ते म्हणाले. "हा खून आहे खून!"

भाऊजींनी आपला चहाचा कप चटकन उचलून घेतला. चहात माती पडलेली त्यांना खपत नसे, मग खून कुणाचाही असो.

खाजगी तपासाचं हे ऑफिस मुळात भाऊजींच्या थोरल्या भावाचं. भाऊ गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता वहिनी कुलूप लावतील. वहिनींनी कुलूप लावलं नाही, उलट दारावरची पाटी पुसून लख्ख केली. भाऊजी तेव्हा बस चालवायच्या नोकरीतून नुकतेच मोकळे झाले होते. तेव्हापासून डोकं वहिनींचं आणि स्टिअरिंग भाऊजींचं, असा कारभार चालला होता.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "आणि पहिल्यापासून सांगा."

अध्यक्ष बसले. तिथून तासाभरावरच्या एका लहान गावात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि गावाच्या स्पर्धा समितीचे ते प्रमुख होते. देशातलं सर्वांत नीटनेटकं आणि देखणं गाव कोणतं, याची ती स्पर्धा. परीक्षक न सांगता येतात, रस्ते, दुकानांच्या पायऱ्या, बाकं, फुलांचे वाफे बघून जातात. जिंकलेल्या गावाला वेशीवर लावायला एक पाटी मिळते. मागच्या वर्षी या गावाचा नंबर अगदी थोडक्यात हुकला होता.

"का हुकला माहितीये? गंज्यामुळे! वेशीवरच त्याचं भंगाराचं आवार. परीक्षकांनी स्पष्ट सांगितलं, डोळ्यांना खुपतं. यंदा आम्ही त्याच्यापुढे फळ्यांचं कुंपण घातलं, वर फुलं रंगवली. तर हा समितीच्या बैठकीत येऊन सगळ्यांसमोर ओरडला, आग लागो तुमच्या फुलांना! आणि काल सकाळी धुकं निवळलं तर चौकातला वाफा हा असा."

"मग कुणी केलं ते तुम्हाला माहीतच आहे."

"सगळ्या गावाला माहीत आहे. आज संध्याकाळी सभा आहे, त्याच्या आवाराचा परवाना रद्द करायचा ठराव आहे. त्याला पुरावा लागतो." अध्यक्षांचा आवाज खाली आला. "आणि खरं सांगू? काल रात्री कुणीतरी त्याच्या खिडकीवर दगड मारला. हे हाताबाहेर जायच्या आत मिटावं, असं वाटतं मला."

वहिनींनी एक झेंडू उचलला. मुळांवर मातीचा कणही नव्हता. देठ मात्र पिळून टाकलेल्या फडक्यासारखा वळला होता आणि पानं आतल्या बाजूला मुडपली होती.

"मुळांची माती तुम्ही झटकलीत?"

"मी कशाला झटकू? पडली होती तशी भरून आणली."

वहिनींनी तो झेंडू वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवला. भाऊजींनी गाडीची किल्ली घेतली.

---

गाव होतं मात्र बघण्यासारखं. बाकांना ताजा रंग, दुकानांच्या काचा आरशासारख्या, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. भाऊजींना गाडी लावतानाही संकोच वाटला. टायरला चिखल होता.

चौकात घड्याळाच्या मनोऱ्याभोवती घोड्याच्या नालासारखा वाफा होता. म्हणजे असायला हवा होता. आता तिथे तुडवलेली काळी माती होती आणि मातीत गमबुटांचे ठसे. वाफ्याच्या शेवटच्या टोकाला, नळापासून सगळ्यांत लांब, झेंडूची एक रांग मात्र ताठ उभी होती. भोवतीच्या हिरवळीची किनार तर अशी दाट, की तणाचं एक पान सापडेल तर शपथ.

"ती रांग कशी वाचली?" वहिनींनी विचारलं.

"कुणाची तरी चाहूल लागली असेल, पळाला." अध्यक्षांनी खाली बोट केलं. "हे ठसे बघा. केवढा पाय! गंज्याचाच."

"गमबूट गावात आणखी कोण घालतं?"

"सगळेच घालतात. माझ्याच दुकानातून नेतात."

वहिनी वाफ्याच्या कडेकडेने चालत गेल्या. ठसे मोठे होते, पण एकमेकांच्या फार जवळजवळ. डावा-उजवा सारखाच खोल, एकही फरफटलेला नाही. भाऊजीही वाकून पाहत होते. त्यांना ठसे दिसले, त्यापलीकडे काही दिसलं नाही.

अध्यक्षांचं दुकान चौकातच होतं. सभेची वेळ झाली की नाही हे विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला ते "पुरावा येतोय" असं सांगत होते. वहिनी मांडणीवरच्या हिरव्या डब्यांपाशी थांबल्या.

"हे सगळं एकच आहे?"

"छे हो! हे खत, हे कीडनाशक, हे तणनाशक. कंपनीला यंदा काय अवदसा आठवली कोण जाणे, सगळे डबे एकाच रंगाचे केलेत. पूर्वी तणनाशक लाल डब्यात यायचं. आता लेबल वाचल्याशिवाय मलासुद्धा कळत नाही."

"या तणनाशकानं गवत नाही मरत?"

"तीच तर त्याची खुबी. गवताला धक्का लावत नाही, रुंद पानांचं तेवढं मारतं. माळीकाका हिरवळ त्याच्यावरच राखतात. चाळीस गावांत असा माळी नाही, बाई. हा वाफा त्यांचा जीव की प्राण. कालपासून घराबाहेर पडले नाहीत बिचारे."

दुकानाबाहेर, चौकासमोरच्या बाकावर शाळेतल्या चित्रकलेच्या बाई बसल्या होत्या. अध्यक्ष भाऊजींच्या कानाशी लागले. "यांचंही माळीकाकांशी वाजलं होतं बरं का. यांना म्हणे वाफा नुसता पांढरा-निळा हवा होता."

बाईंनी ते ऐकलं. "हो, वाजलं होतं," त्या म्हणाल्या. "केशरी आणि जांभळं शेजारी लावायचं म्हणजे डोळ्यांत बोट घालायचं. पण म्हणून मी झाडं उपटेन? आणि तुम्हाला खरं सांगू का, तो वाफा आधीच रुसला होता."

"रुसला होता म्हणजे?" वहिनी त्यांच्या शेजारी बसल्या.

"रंग उतरला होता. डेलियांनी माना टाकल्या होत्या. मी रोज इथे बसते, मला दिसतं. माळीणकाकूंना म्हटलंसुद्धा. त्या म्हणाल्या, उन्हानं झालंय."

भाऊजींनी वर पाहिलं. आभाळ राखाडी होतं. त्यांचा दोरीवरचा शर्ट आठवडाभर ओलाच होता, हे त्यांना आठवलं आणि वैतागही आला.

---

वेशीवरच्या रंगीत कुंपणामागे गंज्याचं घर आणि आवार होतं. कुंपणावरची फुलं बाहेरच्या बाजूला. आतून नुसत्या उघड्या फळ्या, आणि त्यांनी घरातला उजेड अडवला होता.

गंज्या हे काही त्याचं नाव नव्हे. गावानं ठेवलेलं, आणि वडिलांनाही तेच म्हणत. पन्नाशीचा दणकट माणूस, डावा पाय ओढत चालणारा. अंगणात काचा वेचत होता. अध्यक्षांना पाहून तो उभा राहिला.

"आलात? दुसरा दगड आणलात का?"

"मी नाही मारला," अध्यक्ष म्हणाले.

"तुम्ही नाही, मी नाही. दगडाला पाय फुटले असतील."

"दादा," वहिनी मध्ये पडल्या, "आग लागो म्हणालात ते खरं?"

"म्हणालो. रागात माणूस काय म्हणत नाही? माझ्या दारात भिंत उभी करताना मला विचारलं नाही. आजारी माणसाला पांघरूण घालावं तसं माझ्या घराला झाकलं." त्यानं हातातली काच बादलीत टाकली. "पण झाडं उपटायला मी काय लहान पोर आहे?"

आतून क्षीण आवाज आला. "कोण आलंय रे?"

"कोणी नाही, आई. पाहुणे आहेत."

खोलीत खाटेवर त्याची म्हातारी आई होती. दगड तिच्या उशाशी पडला होता. फुटलेल्या तावदानाला पुठ्ठा लावला होता, कडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं नीट बसवलेल्या.

"पुठ्ठा तुम्ही लावलात?"

"माळीणकाकूंनी. आज सकाळी आल्या." गंज्याचा आवाज जरा मऊ झाला. "एवढ्या गावातून एकट्या त्याच आल्या. आईचे हात हातात घेऊन ढसाढसा रडल्या. नवऱ्याची झाडं गेली तर मला शिव्या द्यायच्या, का माझ्या आईपाशी रडायचं? देवमाणूस आहे."

वहिनींनी पुठ्ठ्यावरून एकदा बोट फिरवलं. भाऊजींनी हे लक्षण ओळखलं. वहिनींना काहीतरी कळलं होतं आणि ते कळल्याचा आनंद झाला नव्हता.

परत गाडीत बसताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, हा माणूस खरा वाटतो मला."

"पाय बघितलात ना त्याचा?"

"लंगडतो."

"मग?"

भाऊजींनी गाडी सुरू केली, आणि वेशीपासून चौकापर्यंत विचार केला. मग म्हणाले, "अरेच्चा, ठसे फरफटलेले नव्हते!" तोवर माळीकाकांचं घर आलं होतं.

---

दारात दोन गमबुटांचे जोड होते. एक मोठा, एक लहान. मोठ्याच्या टोकांत जुन्या फडक्याचे बोळे कोंबले होते. ओले बूट वाळायला असंच करतात, भाऊजींच्या मनात आलं. दाराशेजारी चार कुंड्यांत नुसती माती होती.

"या, अध्यक्ष," आतून माळीकाकांचा आवाज आला. "बुटांना तेल घाला हो, कोपऱ्यापासून करकरतायत."

उंच, वाळकं शरीर, मातीनं काळी पडलेली बोटं. माळीकाका उठले, खुर्च्यांना वळसा घालून पुढे आले, नमस्कार केला. पण बोलताना त्यांची नजर वहिनींच्या तोंडावर नव्हती. कानाच्या जरा बाजूला, मागच्या भिंतीवर कुठेतरी होती.

"शहरातून बाई आल्यात, तपास करणाऱ्या," काकू घाईघाईने म्हणाल्या. "सोबत त्यांचे दीर आहेत. निळा स्वेटर, चांगले उंचेपुरे." भाऊजींना जरा नवल वाटलं. त्यांचा स्वेटर इतका काही सांगण्यासारखा नव्हता.

चहा आला. काकूंनी नवऱ्यासमोर बशी ठेवताना कप बशीवर टक्कन वाजवला. काकांचा हात टेबलावरून सरकत कपापर्यंत गेला.

"वाफा बघितलात तुम्ही, काका?" वहिनींनी विचारलं.

"ही जाऊ देत नाही. म्हणते, तुमच्याच्यानं बघवणार नाही." ते भिंतीकडे बघून हसले. "बरोबर आहे तिचं. बी पेरल्यापासूनची लेकरं ती. या मोसमात बायकोपेक्षा त्यांच्याशी जास्त बोललो असेन. पाणी, खत, सगळं माझ्या हातचं. दुसऱ्या कुणाला झारीला हात लावू दिला नाही."

"खतं कुठे ठेवता?"

"मी दाखवते," काकू उठल्या.

मागच्या अंगणात पालापाचोळ्याचा ढीग होता. त्यावर चार जिरेनियम पडले होते, देठ पिळवटलेले. शेडमध्ये सगळं जागच्या जागी. फळीवर दोन सारखेच हिरवे डबे. एकाच्या मुठीला लाल सुतळी बांधलेली, गाठ अजून करकरीत. खाली जमिनीवर तुटलेलं जुनं रबरबँड पडलं होतं, उचललं तर चुरा होईल असं.

"ही सुतळी?"

"झाकण गळतं त्याचं," काकू म्हणाल्या.

सुतळी मुठीला होती, झाकणाला नव्हती. वहिनींनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदराशी चाळा करत मान खाली घातली.

"काकू, संध्याकाळी सभा आहे. त्या माणसाचा धंदा जाईल."

काकूंचे ओठ हलले. "मी सांगेन सभेत, मी केलं म्हणून. हेव्यानं केलं, दिवसभर झाडांशीच बोलतात म्हणून केलं. लोक हसतील, थुंकतील, मला चालेल. पण का ते विचारू नका हो."

"हेव्यानं केलं, यावर कोण विश्वास ठेवेल?"

"ते ठेवतील," काकू म्हणाल्या. "त्यांनी ठेवला की झालं."

भाऊजी शेडच्या दारात उभे होते. त्यांना यातलं अर्धंही कळलं नाही, पण एकाएकी तिथे उभं राहू नये असं वाटलं.

गाडीपाशी आल्यावर ते म्हणाले, "वहिनी, मला तर काका संशयी वाटतात. सारखी नजर चुकवत होते."

"चुकवत नव्हते, भाऊजी." वहिनींनी पिशवी छातीशी धरली होती. "जा, गंज्याला घेऊन या. अध्यक्षांना मी थांबवते."

---

माळीकाकांच्या स्वयंपाकघरात सहा माणसं म्हणजे दाटीच झाली. गंज्या बसायला तयार नव्हता, दाराला टेकून उभा राहिला. काकू ओट्यापाशी.

"सभेत हे बोलायचं नाही म्हणून इथे बोलावलं," वहिनींनी सुरुवात केली. "अध्यक्ष, तुम्ही झाडं माझ्या टेबलावर ओतलीत तेव्हाच दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे मुळं. माती झटकून वाफ्यातच टाकली होती. रागानं नासधूस करणारा माती झटकत बसत नाही. तण काढताना ज्याचा हात आपसूक झटकतो, त्याचं ते काम."

"म्हणजे बागकाम करणारा," अध्यक्ष म्हणाले.

"दुसरं, देठ. उपटलेलं झाड सुकतं, मान टाकतं. पिळवटत नाही. ती झाडं उपटायच्या आधीच मेली होती. चित्रकलेच्या बाईंनी ते पाहिलं होतं. त्यांना सांगितलं गेलं, ऊन लागलं. गेल्या आठवड्यात ऊन पडलं होतं का कुठे?"

भाऊजींना आपला शर्ट आठवला. या वेळी त्यांनी मान हलवली.

"जी रांग वाचली, ती चाहूल लागल्यामुळे वाचली नाही. ती जिवंत होती म्हणून वाचली. उपटणाऱ्याच्यानं जिवंत झाड उपटवेना."

अध्यक्षांनी कपाळ पुसलं. "पण ठसे? गमबूट?"

"मोठा बूट, आणि पावलं इतकी जवळ? तो बूट लहान पायात होता, टोकात फडकी कोंबून. आणि या दादांचा डावा पाय तर फरफटतो. एकही ठसा फरफटलेला नव्हता."

गंज्या काकूंकडे बघत होता. पुठ्ठा लावणाऱ्या हातांकडे.

"मग झाडं मेली कशानं?" माळीकाकांनी विचारलं. ते ताठ बसले होते. "तुम्ही म्हणता, आधीच मेली होती. पाणी माझं, खत माझं. कशानं मेली?"

वहिनींचा हात पिशवीवर गेला आणि तिथेच अडला. भाऊजींनी त्यांना आजवर कधी अडखळताना पाहिलं नव्हतं.

"तुमच्याकडे त्यातलं एखादं झाड आहे का?" काकांनी हात पुढे केला.

"देऊ नका," काकू म्हणाल्या. आवाज असा की जणू कुणी विहिरीच्या काठावर उभं आहे.

वहिनींनी वर्तमानपत्र उघडलं आणि झेंडू त्यांच्या तळहातावर ठेवला.

काकांनी तो डोळ्यांपाशी नेला नाही. बोटांनी देठ चाचपला, मग पानं, एकेक. मुडपलेली कड उलगडून पाहिली. नाकाशी नेला.

"हे तणनाशकानं जळलंय," ते म्हणाले. "तणनाशकाच्या डब्याला मी रबरबँड लावून ठेवलं होतं."

"ते तुटून पडलं होतं," वहिनी हळूच म्हणाल्या. "डबा हातात घेतलात तेव्हा रबरबँड लागलं नाही, म्हणून तो खताचाच वाटला. डबे यंदा सारखेच आहेत. आणि लेबल वाचता येत नाही तुम्हाला. समोर बघितलं की समोरचंच दिसत नाही, कडेचं दिसतं, म्हणून तुम्ही चालता-फिरता, पण तोंडं दिसत नाहीत. त्याच झारीनं दारातल्या कुंड्यांनाही पाणी घातलंत, आणि वाफ्याच्या शेवटच्या रांगेपर्यंत येता येता ते संपलं. शत्रूनं केलं असतं, तर चौक सोडून तुमच्या दारातल्या जिरेनियमच्या वाटेला कोण गेलं असतं?"

अध्यक्ष थक्क होऊन काकांकडे बघत राहिले. रोज भेटणारा माणूस, आणि आपल्याला पत्ता नाही.

"तू मला सांगितलं नाहीस," काका बायकोच्या दिशेनं म्हणाले.

"तुम्ही मला सांगितलंत?" काकूंचा बांध फुटला. "दोन वर्षं झाली. मी कप वाजवते, आलेल्या माणसाचा सदरा सांगते. कधी विचारलंत, का करतेस म्हणून? तुम्हाला कळू नये म्हणून मी, आणि मला कळू नये म्हणून तुम्ही. बाईंनी डेलियांचं सांगितलं तेव्हा जाऊन बघितलं आणि पायाखालची जमीन सरकली. परीक्षक येऊन विचारतील, लोक म्हणतील म्हाताऱ्यानं स्वतःच मारला वाफा. तुमच्या हातून झारी काढून घेतली असती हो. तेवढं एकच तर उरलं होतं तुमचं."

"म्हणून उपटलास."

"म्हटलं, लोक म्हणतील गुरं शिरली, टवाळ पोरं असतील. चार दिवस बोलतील, विसरतील." त्या गंज्याकडे वळल्या. "तुझं नाव घेतील असं मनातही आलं नव्हतं रे. आणि घेतलं तेव्हा... तेव्हा बोलायला हवं होतं. मी गप्प बसले. रात्री दगड पडला तरी गप्पच बसले."

गंज्यानं दाराची कडी काढली. मग म्हणाला, "मी मघाशी तुम्हाला देवमाणूस म्हणालो, काकू. आईसमोर म्हणालो." एवढंच बोलून तो दार उघडून निघून गेला. पाय ओढल्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येत राहिला.

माळीकाका उठले. "माझा कोट दे," ते काकूंना म्हणाले. "सभेला जायचंय. आणि हात दे. उगाच एकटा चालून दाखवायला नको आता."

---

सभेत काकांनीच सांगितलं. उभं राहून, काही न लपवता. भाऊजी मागच्या रांगेत होते. एक-दोघांनी डोळे पुसले, काकांभोवती गर्दी झाली, कुणी म्हणालं, झारी तुमचीच, डबे आम्ही भरून देऊ. ठराव मागे घेतला गेला. दगड कुणी मारला हे मात्र कुणी उभं राहून सांगितलं नाही.

भाऊजींनी परतीच्या वाटेवर विचारलं, "वहिनी, काकांच्या समोर सांगायलाच हवं होतं का? काकू घेतच होत्या ना अंगावर."

"घेतलं असतं, तर काकांनी उरलेला जन्म काकूंवर चिडून काढला असता."

"आणि आता?"

"आता स्वतःवर चिडतील." वहिनी काचेतून बाहेर बघत होत्या. "मला नाही माहीत, भाऊजी. आज मला खरंच नाही माहीत."

आठवड्याभरात अध्यक्षांचा फोन आला. गंज्या गाव सोडतोय, तुम्ही येऊन समजवाल का? वहिनी म्हणाल्या, समजवण्यासारखं माझ्यापाशी काही नाही. पण दोघं गेली.

आवारात ट्रक उभा होता. लोखंडाचे पत्रे, पाइप, मोटारींचे भाग, सगळं जातवार लावून चढवलेलं. म्हातारी पुढच्या सीटवर उशांत बसली होती. समितीनं कुंपण काढून टाकलं होतं. फळ्या एका बाजूला रचल्या होत्या.

"अरे, चूक झाली गावाची," अध्यक्ष सांगत होते. "सगळ्यांनी मान्य केली. आता कशाला जातोस?"

"चूक काकूंची झाली. त्यांचं मला कळतं," गंज्या म्हणाला. "नवऱ्यासाठी केलं. पण तुमचं कुणाचं काय अडलं होतं? एकानं तरी येऊन विचारायचं, तू केलंस का रे? कुणी विचारलं नाही. माझे वडील इथे मेले, मी इथे जन्मलो. तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत."

तो ट्रककडे वळला.

"चूल जड आहे," गंज्या म्हणाला. "उचलू लागता का?"

अध्यक्षांनी कोट काढला. एका बाजूनं ते, दुसऱ्या बाजूनं भाऊजी. चूल ट्रकमध्ये चढली. म्हातारीनं खिडकीतून हात हलवला, कुणाला ते कळलं नाही. ट्रक वळणापाशी दिसेनासा झाला.

परीक्षक कधी येऊन गेले कुणाला समजलं नाही. पुढं महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा अध्यक्षांचा फोन आला. वहिनींनी घेतला.

"काय म्हणतात?" भाऊजींनी विचारलं.

"पहिला नंबर आला गावाचा." वहिनींनी रिसीव्हर खाली ठेवला. "वेशीवरच्या मोकळ्या जागेचं खास कौतुक केलंय म्हणे परीक्षकांनी. पाटी तिथेच लावायची ठरलंय."

"मग अध्यक्ष खूश असतील."

"रडत होते," वहिनी म्हणाल्या.